कॉटन दोरा आणि गोदावरीची वाळू

राजमहेंद्रीकडचा माणूस ‘कॉटन दोरा’ म्हणाला की आपल्या मराठी कानाला आधी सुताचा दोराच आठवतो. त्यातून आपण भैंशाचे. कापसाच्या गाड्या, जिनिंग आणि गाठी पाहतच आपल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. पण तेलुगूत दोरा म्हणजे साहेब, आणि कॉटन हे त्या साहेबाचे आडनाव. हैदराबादच्या टँक बंडवर जी पुतळ्यांची रांग आहे, तिच्यात त्यांचाही पुतळा आहे. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात तर गावोगावी त्यांचे पुतळे दिसतात. तिथले शेतकरी त्यांना हार घालतात, आणि तिथले काही पुरोहित संकल्पात त्यांचे नाव घेतात असे सांगतात. परक्या सरकारच्या इंजिनिअरला हा मान मिळाला, कारण त्याने आपल्याच गोदामाईला वाळूवर अडवले.

गोदावरी आपल्याला परकी नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, नांदेड करीत ती बासरला आपल्या उंबऱ्याशी येते. पुष्कराला आपण तिच्यात बुडी मारतो, मुलांच्या हाती पाटी द्यायला सरस्वतीच्या पायाशी जातो. पण तीच नदी खाली काय करीत होती आणि तिला कोणी कसे वळवले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून शासनाच्या बांधकामाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. घर बांधणाऱ्याचा नेहमीचा प्रश्न असतो: खाली वाळू लागली, आता पाया टिकेल का? या एका प्रश्नासाठी कॉटन साहेबांचे आयुष्य समजून घेण्यासारखे आहे.

सर आर्थर थॉमस कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. अकरा भावांतले ते दहावे. एवढ्या मोठ्या घरात धाकट्यांच्या वाट्याला जमीनजुमला येत नाही, नोकरीच शोधावी लागते. पंधराव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिसकोंब येथील सैनिकी शाळेत दाखल झाले. १८१९ मध्ये त्यांना मद्रासच्या इंजिनिअर पलटणीत नेमणूक मिळाली आणि १८२१ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, ते मद्रासला उतरले. लगेच दक्षिणेकडच्या तलाव खात्यात त्यांना मदतनीस म्हणून पाठवले. रामेश्वरजवळच्या पांबन खाडीची पाहणी त्यांनी केली, पुढे ब्रह्मदेशच्या पहिल्या लढाईतही गेले. परत आल्यावर कावेरीच्या पाण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि इथून त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले.

कावेरीची अडचण अशी होती. तिरुचिरापल्लीजवळ नदीचे दोन फाटे होतात, एक कावेरी आणि दुसरा कोळ्ळिडम. कोळ्ळिडमचा उतार जास्त, म्हणून पाणी तिकडे धावायचे. कावेरीच्या पात्रात गाळ साचत चालला होता आणि तंजावरची भातशेती वर्षागणिक कोरडी पडत होती. हे तंजावर म्हणजे आपल्या मराठी माणसांचेच. व्यंकोजीराजांच्या वंशातले भोसले राजे तेव्हाही तिथे नांदत होते. कोळ्ळिडमवर बांध घातला तर कावेरीला पाणी मिळेल हे कोणालाही कळत होते. पण बांध घालायचा कशावर? खाली कितीही खणले तरी वाळूच वाळू. खडकापर्यंत जायचे तर नदी उपसावी लागेल आणि खजिना रिकामा होईल.

इथे वाळूचा स्वभाव थोडा समजून घेऊ. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते, भिंतींना तडे देते. वाळू तसे करीत नाही. ती फुगत नाही, आकसत नाही. तिच्यावर वजन पडले की कण एकमेकांजवळ सरकतात आणि पाया बसतो. वाळू सैल असली तर जास्त बसतो, दाबून बसलेली असली तर फार थोडा. हे बसणे बहुतेक वजन चढताना, बांधकामाच्या काळातच होऊन जाते. चिकणमातीसारखे ते वर्षानुवर्षे चालत नाही. म्हणजे नुसत्या वजनाशी वाळूचे वैर नाही. तिचे वैर आहे वाहत्या पाण्याशी. पाण्याने पायाखालून कण ओढायला सुरुवात केली की वर कितीही मजबूत बांधकाम असो, ते पोकळीवर उभे राहते. मग एके दिवशी खचते.

कॉटन यांनी या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधले नाही, कारण तेव्हा असे पुस्तकच नव्हते. मृदा यांत्रिकी हा विषय टर्झागी यांच्या १९२५ च्या ग्रंथापासून उभा राहिला, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. कॉटन यांनी शेजारचे कल्लनै पाहिले. करिकाल चोळ राजाच्या नावाने ओळखला जाणारा हा बांध सुमारे तीनशे मीटर लांब आहे आणि तो सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचा मानला जातो. तो उघड्या वाळूवर उभा होता. जुन्या कारागिरांनी नदीत मोठमोठे अनघड दगड टाकले. दगड वाळूत रुतले. त्यांच्यावर आणखी टाकले, तेही रुतले. असे करता करता एक वेळ आली की दगड रुतायचे थांबले. मग चिखलात दगड बसवून वरचे काम केले. वाळूला जेवढे बसायचे तेवढे त्यांनी आधीच बसू दिले. खडक नाही म्हणून ते अडले नाहीत. अथांग वाळूत पाया कसा धरून ठेवायचा ही विद्या आम्ही इथल्या लोकांकडून शिकलो, असे कॉटन यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. राज्यकर्त्यांच्या जातीत जन्मलेल्या माणसाने हे कबूल करणे त्या काळात सोपे नव्हते.

कल्लनैच्या धड्याला त्यांनी आणखी एका देशी विद्येची जोड दिली, ती म्हणजे विहिरीचा पाया. ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आग्र्याचा ताजमहालही यमुनेच्या काठी अशाच विहिरींच्या पायावर उभा आहे. वाळूवर लाकडाचे एक गोल कडे ठेवायचे. त्यावर विटांची गोल भिंत चढवायची. मग आत माणूस उतरवून वाळू काढत जायची. जसजशी वाळू निघते तसतशी विहीर आपल्याच वजनाने खाली उतरते. पुरेशी उतरली की आत दगड-चुना भरून टाकायचा. अशा विहिरींची रांग केली आणि वर भिंत बांधली की भार वरच्या सैल वाळूवर न राहता खालच्या घट्ट थरावर जातो. पुराने वरची वाळू खरवडून नेली तरी पाया उघडा पडत नाही. आज आपण उंच इमारतीखाली पाईल घालतो, त्यामागचा विचार याच घराण्यातला आहे. काँक्रीट आणि यंत्रे नंतर आली.

१८३६ मध्ये कोळ्ळिडमवर वरचा आणि खालचा असे दोन बांध उभे राहिले. पाणी पुन्हा कावेरीत चढले आणि तंजावरची शेती सावरली. बांधाखाली पाणी जोरात आदळून वाळू उकरते, म्हणून तिथे दगडांचा रुंद पसारा टाकला होता. पुराने काही दगड खाली बसवले की त्यांच्या जागी नवे टाकायचे. बांध एकदा बांधला म्हणजे झाले असे नाही, दर वर्षी त्याची विचारपूस करावी लागते, हा त्या कामाचाच भाग होता.

याच सुमारास मद्रासमध्ये रस्त्यासाठी दगड आणायला त्यांनी लोखंडी रुळांचा मार्ग टाकला. तो रेड हिल रेल्वे म्हणून ओळखला जातो आणि १८३७ चा आहे. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ ची, हे आपण शाळेत पाठ केले आहे. ती प्रवाशांची पहिली गाडी खरीच, पण दगडांनी तिच्या आधी सोळा वर्षे रुळांवरून प्रवास केला होता.

दक्षिणेच्या उन्हाने आणि तापाने कॉटन यांची प्रकृती ढासळली. ते ऑस्ट्रेलियाकडे विश्रांतीला गेले. तिथे टास्मानियात १८४१ मध्ये एलिझाबेथ लिअरमंथ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. बरे होऊन परतल्यावर त्यांची गाठ गोदावरीशी पडली.

त्या वेळचा गोदावरीचा खालचा मुलूख आजच्यासारखा हिरवागार नव्हता. १८३२-३३ चा दुष्काळ त्या भागाने सोसला होता. १८३९ मध्ये कोरिंगाच्या किनाऱ्यावर वादळाने समुद्र आत घुसला. १८२१ ते १८४१ या वीस वर्षांत तिथली लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. काही माणसे मेली, काही गाव सोडून गेली. आणि हे सगळे भारतातल्या मोठ्या नद्यांपैकी एकीच्या काठावर घडत होते. पावसाळ्यात ती मैलोन् मैल पसरून वाहायची, सगळे पाणी समुद्राला द्यायची आणि शेत तहानलेले ठेवायची.

१८४४ मध्ये कॉटन यांनी अहवाल दिला. धवळेश्वरम येथे आडवा बांध घालून दोन्ही काठांनी कालवे काढावेत असे त्यात होते. कंपनी सरकारला खर्चाची धास्ती होती आणि वाळूचीही. एवढ्या रुंद, एवढ्या पुराच्या नदीत खडकाशिवाय बांध टिकेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. कॉटन यांच्याजवळ दाखवायला कावेरी होती आणि तिच्या मागे सतराशे वर्षांचे कल्लनै होते. अखेर मंजुरी मिळाली. १८४७ मध्ये काम सुरू झाले आणि १८५२ मध्ये पुरे झाले.

आकडे पाहिले की कामाचा पसारा कळतो. नदीतल्या बेटांमुळे बांधाचे चार तुकडे झाले: धवळेश्वरम, रॅली, मद्दूर आणि विज्जेश्वरम. चारही मिळून लांबी सुमारे १२,००० फूट, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून अधिक. उंची मात्र साधारण १२ फूट. इथे कॉटन यांची समज दिसते. नदी अडवून साठवायची नव्हती, फक्त कालव्याच्या तोंडापर्यंत उचलायची होती. बांध जेवढा उंच तेवढा पाण्याचा दाब जास्त, आणि तेवढी पायाखालची वाळू ओढली जाण्याची भीती जास्त. वाळूवर उभे राहायचे तर अंगावर किती घ्यायचे याची मर्यादा त्यांनी पाळली. दगड धवळेश्वरमच्या टेकड्यांतूनच निघाला आणि तो नदीपर्यंत नेण्यासाठी पुन्हा रूळ टाकले. हजारो मजूर राबले. त्यांच्यापर्यंत सरकारचे म्हणणे पोचवणारे आणि काम उभे करून घेणारे स्थानिक सहकारी वीणम वीरन्ना यांचे नाव तिथले लोक आजही कॉटन यांच्या जोडीने घेतात.

बांधकाम चालू असताना पुरांनी काम मोडले, नुकसान झाले. दुरुस्त करून पुन्हा पुढे गेले. एकदा पाणी कालव्यांत पोचल्यावर मात्र त्या मुलखाचे नशीब पालटले. भात वर्षानुवर्षे हमखास पिकू लागला. १८५२ ते १८५५ या काळात कॅप्टन चार्ल्स ऑर यांच्या हातून विजयवाड्याला कृष्णेवरही तसाच बांध झाला. गोदावरीचा जुना बांध शंभर वर्षांहून जास्त काळ चालला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी नवा बॅराज बांधला गेला, त्यालाही नाव सर आर्थर कॉटन यांचेच आहे.

त्यांचे सगळेच बेत यशस्वी झाले असे नाही, आणि ते झाकण्याचे कारण नाही. रेल्वेपेक्षा कालवे बरे, नावेने माल स्वस्त जातो, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. खाजगी कंपन्यांमार्फत काढलेल्या ओरिसाच्या आणि कर्नूल-कडप्पाच्या कालव्यांत पैसा बुडाला आणि सरकारला ती कामे आपल्याकडे घ्यावी लागली. दुसरा बेत आपल्या फारच जवळचा होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून नावांनी थेट समुद्राला न्यायचा. कॉटन साहेब आणि आपला कापूस यांची गाठ पडली ती इथे. १८६१ पासून दुम्मगुडेमला त्यासाठी मोठे काम झाले. पण नदीतले खडकांचे अडसर आणि वाढता खर्च यांपुढे ते टिकले नाही आणि १८७१ मध्ये सोडून दिले. तोवर कापूस रेल्वेने मुंबईला जाऊ लागला होता. १८७८ मध्ये लंडनच्या संसदेच्या समितीपुढे कॉटन यांना आपली मते कडक प्रश्नांपुढे मांडावी लागली. ते डगमगले नाहीत, पण सरकारनेही रूळ सोडले नाहीत.

१८६१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. निवृत्तीनंतर ते इंग्लंडमध्ये डॉर्किंग येथे राहिले आणि म्हातारपणी तिथे खोल मशागतीने गहू पिकवण्याचे प्रयोग करीत बसले. २४ जुलै १८९९ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कन्या लेडी होप यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

कॉटन हयात असतानाच वाळूने उत्तरेत आपला इंगा दाखवला होता. १८९५ मध्ये चिनाब नदीवरचा खंकीचा बांध आणि १८९८ मध्ये गंगेवरचा नरोराचा बांध निकामी झाला. बांधकाम वरून धड होते, पण पाणी पायाखालून झिरपत होते. त्यानंतर ब्लाय यांनी १९१० मध्ये पाण्याला पायाखालून किती लांब वाट चालायला लावावी याचा हिशेब मांडला. १९३६ मध्ये खोसला यांनी त्यात सुधारणा केली. नुसती लांबी पुरेशी नाही, पाणी शेवटी जिथे वर येते तिथे त्याचा जोर वाळू उचलण्याइतका नसावा, आणि त्यासाठी खालच्या टोकाला खोल पडदा हवाच, असे त्यांनी दाखवले. तेव्हापासून बॅराजखाली पाईलचे पडदे ही नेहमीची गोष्ट झाली.

तरीही प्रश्न संपला नाही. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्याच राज्यात, आपल्याच गोदावरीवर, मेडिगड्डा बॅराजच्या सातव्या ब्लॉकचे खांब खचले. प्राणहिता मिळाल्यावर थोडे खाली हा बॅराज आहे, आणि त्याचा पलीकडचा काठ गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात येतो. जिथून एके काळी वऱ्हाडचा कापूस नावांनी जाणार होता, तीच ही वाट. खाली वाळू होती आणि पाईलचे पडदेही होते. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने नियोजन, आराखडा, कामाची गुणवत्ता आणि देखभाल या सगळ्यांतच उणिवा सांगितल्या. दोष कोणाचा, यावर चौकशा आणि वाद झाले. मी शासनाचा नोकर, त्यात पडत नाही. पण देखभाल हा शब्द त्या यादीत होता, तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

आता आपल्या घरांकडे येऊ. नदीकाठी, भरावावर किंवा मुलांकडे दूर किनाऱ्याच्या गावी वाळूवर घर बांधायची वेळ आली तर घाबरू नये. हलके घर घट्ट वाळूवर साध्या पायावरही नीट राहते. मजले वाढले, किंवा वाळू सैल असली, तर पाईल घालतात. ठोकून घातलेली पाईल शेजारची वाळू दाबून घट्ट करते आणि भार खालच्या थराला देते. हल्ली सगळा भार पाईलवर न टाकता इमारतीखाली अखंड काँक्रीटचा राफ्ट घालतात आणि त्याखाली मोजक्याच पाईल देतात. राफ्ट वजन पेलतो आणि पाईल त्याला जास्त बसू देत नाहीत. पण या सगळ्याआधी जमीन तपासून घ्यावी. एक बोअर घेऊन खाली कुठवर काय आहे हे पाहण्याचा खर्च घराच्या खर्चापुढे किरकोळ असतो, आणि नेमका तोच वाचवला जातो. भैंशाच्या काळ्या मातीत तर गणितच वेगळे. तिथे माती फुगून घर उचलते, म्हणून ओलाव्याचा फेरफार पोचत नाही अशा, साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणारी, तळाला कंद असलेली पाईल घालतात. रुरकीच्या संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्यासारख्याच जमिनींसाठी घडवली. शेजाऱ्याने केले म्हणून आपणही तेच करायचे, हे पायाच्या बाबतीत चालत नाही.

कॉटन साहेबांकडून घ्यायचे ते एवढेच. आधीच्यांनी काय केले ते नीट पाहा, मग ते इंग्रज असोत की चोळ राजाचे कारागीर. पायाला झेपेल तेवढेच वर चढवा. आणि पाहुण्यांनी वाखाणलेले बांधकामसुद्धा दर पावसाळ्यानंतर खाली वाकून तपासा. पुढच्या पुष्कराला बासरच्या घाटावर पाणी ओंजळीत घ्याल तेव्हा पायाखालची वाळू सरकताना जाणवेल. तिच्यावर विश्वास ठेवून एका माणसाने लाखोंच्या ताटात भात वाढला. तिच्याकडे दुर्लक्ष मात्र कोणालाच परवडलेले नाही.